गडगे, पाणचक्क्या आणि खडीचे रस्ते

१८६२ साली अमेरिकेतले यादवी युद्ध पेटलेले असताना व्हर्जिनिया राज्यातल्या लाउडन काउंटीच्या कोर्टाचे दप्तर सांभाळणाऱ्या जॉर्ज फॉक्सने सगळे कागद गाड्यांवर लादले आणि दक्षिणेला दूर, कॅम्पबेल काउंटीत नेऊन ठेवले. खरेदीखते, मृत्युपत्रे, लग्नांच्या नोंदी, रस्ते काढण्याचे हुकूम, मयतांच्या मालमत्तेच्या याद्या आणि त्या याद्यांत भांड्याकुंड्यांबरोबर किंमत लावलेली गुलाम माणसे, असे सारे त्यात होते. दोन्ही बाजूंच्या फौजा लाउडनमधून येत-जात राहिल्या. युद्ध संपल्यावर दप्तर जसेच्या तसे लीसबर्ग या काउंटीच्या मुख्य गावी परत आले. व्हर्जिनियातल्या कित्येक काउंट्यांचे कागद त्या धामधुमीत लुटले गेले, जळाले. लाउडनचे मात्र १७५७ साली काउंटी स्थापन झाल्यापासूनचे कागद आज सलग वाचता येतात.

ग्रामीण भागातला वारसा नोंदवायचा म्हटला की सगळे काम या कागदांपाशी येऊन थांबते. शेताच्या कडेला पडलेला दगडांचा ढीग म्हणजे नुसता ढीगच असतो. तिथे कोणाचे घर होते, ते कोणी कोणाला विकले, तिथे कोण राबले हे कागदातून कळले की मग त्याची जागा होते. लाउडनने गेल्या पन्नासेक वर्षांत आपल्या खेड्यापाड्यांतल्या अशा जागा शोधण्याचे, नोंदवण्याचे आणि टिकवण्याचे जे काम केले, त्याचा हिशेब या प्रकरणात मांडायचा आहे. हे काम मोठ्या निष्ठेने झाले आहे. त्यात मोठ्या उणिवाही राहिल्या आहेत आणि त्यांतल्या काही नंतर भरून काढाव्या लागल्या. माझ्या मते त्या भरून काढण्याची गोष्टच सगळ्यांत शिकण्यासारखी आहे.

वॉशिंग्टन शहराच्या वायव्येला, उत्तरेकडे पोटोमॅक नदी आणि पश्चिमेला ब्लू रिजचे डोंगर यांच्यामध्ये लाउडन वसले आहे. क्षेत्रफळ साधारण साडेतेराशे चौरस किलोमीटर. १९७० साली इथली लोकसंख्या ३७,१५० होती, २०२० च्या जनगणनेत ती ४,२०,९५९ भरली. १९६२ मध्ये काउंटीच्या पूर्व टोकाला डलेस विमानतळ सुरू झाला, नव्वदच्या दशकात इंटरनेटच्या कंपन्या आल्या, आणि आता ॲशबर्नच्या आसपास जगातली डेटा सेंटरांची सर्वांत मोठी दाटी आहे. पूर्वेला वसाहती आणि खिडक्या नसलेल्या प्रचंड इमारती, तर पश्चिमेला कुरणे, दगडी घरे, द्राक्षमळे आणि घोड्यांचे तबेले. साधारणपणे काउंटीच्या मधून जाणारा पंधरा नंबरचा रस्ता ही या दोन लाउडनांची सीमारेषा मानतात. जमिनीचा भाव पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत असताना वारशाची नोंद करायची म्हणजे वेळेशी शर्यत होती.

अमेरिकेत ऐतिहासिक स्थळांचा राष्ट्रीय कायदा १९६६ साली झाला. त्याच वर्षी व्हर्जिनियाने आपला ऐतिहासिक स्थळ आयोग नेमला. त्या आयोगाच्या वतीने १९७० च्या दशकात लाउडनच्या खेड्यांतून पाहणी झाली. एकेका वास्तूचा फॉर्म भरायचा, फोटो काढायचे, नकाशावर खूण करायची आणि तिला नंबर द्यायचा. राज्याच्या यादीत लाउडनचा आकडा ०५३, त्यामुळे इथल्या बहुतेक ग्रामीण वास्तूंच्या नंबरांची सुरुवात याच तीन अंकांनी होते. पुढे काउंटीने स्वतःचे अधिकारी नेमले, पुरातत्त्वज्ञ नेमला आणि २००३ मध्ये वारसा जतनाचा आराखडा मंजूर केला.

पाहणी म्हणजे नेमके काय पाहायचे, हे थोडे जवळून बघू. पाहणी करणारा माणूस शेतघरापाशी गेला की आधी जोते बघतो. ते डबराचे आहे, घडीव दगडाचे आहे की काँक्रीटचे, यावरून पहिला अंदाज येतो. मग धुराडी, ती घराच्या टोकांना आहेत की मध्यावर. मग खिडक्या. बाहेरून साध्या पांढऱ्या फळ्यांचे दिसणारे घर असते, पण खिडकीची चौकट भिंतीत फार खोल गेलेली दिसली की शंका येते. फळ्यांच्या मागे ओंडक्यांची जाड भिंत असणार. लाउडनमध्ये अशी कितीतरी घरे आहेत. आजोबांनी ओंडके रचले, नातवाच्या हातात चार पैसे आले तेव्हा त्याने वरून फळ्या मारून घेतल्या. तळघरात किंवा माळ्यावर ओंडके उघडे राहिलेले असतात. तिथे कोपऱ्यातल्या खाचा कशा कापल्या आहेत ते पाहून सुतार कुठल्या परंपरेतला, हे ओळखता येते.

तुळईवर कुऱ्हाडीचे घाव दिसतात की करवतीच्या रेघा? रेघा सरळ असतील तर वर-खाली चालणारी जुनी पाण्यावरची करवत, अर्धगोल असतील तर फिरती चकती, म्हणजे बहुधा एकोणिसाव्या शतकाचा मध्य किंवा त्यानंतरचे काम. खिळा चौकोनी असला तर हाताने घडवलेला किंवा पत्र्यातून कापलेला, गोल तारेचा असला तर बहुतेक १८९० नंतरचा. मालकाला विचारले तर तो हमखास सांगतो, घर स्वातंत्र्ययुद्धाच्या आधीचे आहे. त्याचे ऐकून घ्यायचे, लिहूनही घ्यायचे, पण तारीख मात्र खिळ्याला आणि खरेदीखताला विचारायची.

घराभोवतीची लहान बांधकामे तर नीट पाहायलाच हवीत. झऱ्यावर बांधलेली दगडी खोली, जिच्या गार पाण्यात दूध-लोणी ठेवत. डुकराचे मांस धुरावण्याची खिडक्या नसलेली खोली. मक्याची कणसे वाळवायचे फटीफटींचे कोठार. शहरातल्या वाड्यांच्या याद्या करणाऱ्यांना या वस्तू किरकोळ वाटतात. पण शेतकरी कुटुंब काय पिकवत होते, काय खात होते आणि हिवाळा कसा काढत होते, हे मुख्य घरापेक्षा या कोठारांतूनच जास्त समजते. मालक नवीन आला की सगळ्यांत आधी तीच पाडली जातात.

बार्नचे म्हणजे गोठा आणि कोठार एकत्र असलेल्या मोठ्या लाकडी इमारतीचे लाउडनमध्ये एक वेगळेच प्रकरण आहे. इथल्या शेतकऱ्यांना उताराच्या कुशीत बांधलेला दुमजली बार्न प्रिय होता. चढाच्या बाजूने गाडी थेट वरच्या मजल्यावर नेऊन गवत उतरवायचे आणि उताराच्या बाजूने खाली गुरे बांधायची. पेनसिल्व्हेनियातून आलेल्या जर्मन आणि क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या कुटुंबांनी ही पद्धत इथे आणली. उत्तर लाउडनभर असे बार्न दिसतात. पण ते बहुतेक १८६४ नंतरचे असतात, आणि याला ठोस कारण आहे. त्या वर्षी २८ नोव्हेंबर ते २ डिसेंबर या पाच दिवसांत उत्तरेच्या सैन्यातल्या जनरल मेरिटच्या घोडदळाने लाउडनच्या खोऱ्यात आग लावत फेरी मारली. दक्षिणेच्या बाजूने गनिमी लढाई करणाऱ्या मॉस्बीच्या माणसांना दाणापाणी मिळू नये म्हणून बार्न, गिरण्या आणि साठवलेले धान्य जाळायचा आणि गुरे हाकून न्यायची असा हुकूम होता. राहती घरे जाळायची नाहीत, असेही त्या हुकुमात होते. आगीने सरकारशी एकनिष्ठ कोण ते पाहिले नाही. गुलामगिरीला विरोध करणाऱ्या, उत्तरेच्या बाजूने असलेल्या क्वेकर शेतकऱ्यांची कोठारेही त्यात गेली. म्हणून लाउडनमध्ये युद्धापूर्वीचा बार्न सापडला की पाहणी करणारा दोनदा खात्री करून घेतो.

काउंटीतले जतनाचे सर्वांत जुने काम सरकारी नव्हते. वॉटरफर्ड हे खेडे ॲमॉस जॅनी या क्वेकराने १७३३ च्या सुमारास वसवले. ओढ्यावर पाणचक्की, तिच्याभोवती चांभार, लोहार, कापड विणणारे, अशी वाढ झाली. रेल्वे आली ती गावाला वळसा घालून गेली आणि वॉटरफर्ड मागे पडले. नवे बांधायला पैसा नव्हता म्हणून जुनेच राहिले. १९३० च्या दशकात चेंबरलिन बंधूंनी मोडकळीस आलेली घरे विकत घेऊन दुरुस्त करायला सुरुवात केली. १९४३ मध्ये गावकऱ्यांनी वॉटरफर्ड फाउंडेशन स्थापन केले, पुढच्याच वर्षी हस्तकलेची जत्रा भरवली आणि तिच्या उत्पन्नातून घरे सोडवत नेली. १९७० मध्ये वॉटरफर्डला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा सर्वोच्च दर्जा मिळाला. त्या दर्जात गावाच्या घरांबरोबर भोवतालची शेतेही धरली होती, एकूण सुमारे १,४२० एकर. हा निर्णय मला फार दूरदृष्टीचा वाटतो. शेते गेली आणि घरे राहिली असती तर वॉटरफर्ड हे नव्या वसाहतींच्या मधोमध अडकलेले एक संग्रहालय झाले असते. २००३ मध्ये गावाच्या काठावरचे १४४ एकरांचे फिलिप्स फार्म विकायला निघाले तेव्हा फाउंडेशनने पैसे उभे करून ते घेतले, ते याच विचाराने.

आता कायद्याकडे वळू, कारण इथे बहुतेकांची गैरसमजूत असते. एखादी वास्तू ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत गेली म्हणजे ती सुरक्षित झाली, असे लोक समजतात. प्रत्यक्षात खासगी मालकाने स्वतःच्या पैशाने यादीतले घर पाडले तर ती यादी त्याला अडवत नाही. केंद्र सरकारचा पैसा किंवा परवाना लागणार असेल तरच वास्तूवरच्या परिणामाचा विचार करण्याची सक्ती आहे, आणि तीही फक्त विचार करण्याची. खरा अंकुश काउंटीच्या स्वतःच्या ऐतिहासिक क्षेत्रांचा. वॉटरफर्ड, आल्डी, ब्लूमॉन्ट, टेलर्सटाउन, ओटलंड्स आणि क्वेकर शेतकऱ्यांचा गूज क्रीक परिसर अशी क्षेत्रे लाउडनने आखली आहेत. एकट्या गूज क्रीकचे क्षेत्र दहा हजार एकरांच्या आसपास आहे. तिथे नवे बांधायचे, जुन्याला बदलायचे तर काउंटीच्या समितीपुढे जावे लागते.

पण व्हर्जिनियात काउंटीचे हात राज्याच्या विधिमंडळाने बांधलेले आहेत. विधिमंडळाने जो अधिकार स्पष्ट दिला तेवढाच काउंटीला वापरता येतो. समितीने पाडकामाला नकार दिला, तरी मालकाने ती वास्तू जमिनीसह वाजवी किमतीला विकायला काढली, ती जतन करायला तयार असलेला ग्राहक ठरावीक मुदतीत आला नाही, तर मालक ती पाडू शकतो. ही मुदत किमतीप्रमाणे तीन महिन्यांपासून एक वर्षापर्यंत. म्हणजे कायदा जास्तीत जास्त वर्षभराची उसंत देतो. त्या वर्षात कोणीतरी पुढे यायला हवे.

त्यामुळे लाउडनमध्ये खरे जतन झाले ते बऱ्याच अंशी जमीनमालकांच्या स्वेच्छेने. राज्याचा मोकळ्या जमिनींचा कायदा १९६६ चाच. त्याखाली मालक आपल्या जमिनीचे तुकडे पाडून विकण्याचा हक्क कायमचा सोडून देतो आणि तसा करार नोंदवतो. सातबाऱ्यावर बोजा चढतो तशी ही अट जमिनीला चिकटते, मालक बदलला तरी उतरत नाही. मोबदल्यात सोडलेल्या किमतीच्या चाळीस टक्क्यांपर्यंत राज्याच्या आयकरात सूट मिळते. जुन्या वास्तूच्या शास्त्रशुद्ध दुरुस्तीवर राज्य खर्चाच्या पंचवीस टक्के सूट देते, आणि ती वास्तू उत्पन्नाची असेल तर केंद्राची वीस टक्के वेगळी. मिडलबर्ग गावाच्या भोवतालची मैलोन्‌मैल कुरणे आज मोकळी आहेत ती अशा करारांमुळे. याचा फायदा श्रीमंतांना जास्त होतो, हेही खरे. ज्याच्याकडे दोनशे एकर आहेत त्याला कर-सवलत मोठी. ज्याचे दीड एकरावर आजीचे घर आहे त्याला ती कवडीची.

पहिल्या पाहण्यांत जी उणीव राहिली, तीही मोठ्या आणि लहान मालमत्तांमधल्या अशाच भेदाची होती. १९७० च्या दशकात पाहणी करणाऱ्यांचे लक्ष दगडी घरांकडे, गिरण्यांकडे, इस्टेटींच्या खांबांच्या ओसऱ्यांकडे गेले. गुलामगिरी संपल्यावर कृष्णवर्णीयांनी लाउडनमध्ये दोन डझनांहून अधिक वस्त्या उभ्या केल्या होत्या. विलिसव्हिल, सेंट लुईस, हॉवर्ड्सव्हिल अशी त्यांची नावे. कुठे जुन्या मालकाने विकलेला खडकाळ तुकडा, कुठे क्वेकराने दिलेली कडेची जमीन. लहान लाकडी घरे, एक चर्च, एक शाळा, मयताच्या खर्चासाठी वर्गणी जमवणाऱ्या मंडळाचा हॉल. घरांची जोती साधी, खिडक्या नंतर बदललेल्या, भिंतीवर विनाइलच्या पट्ट्या. वास्तुशास्त्राच्या मोजपट्टीवर यातले फारसे काही चढत नाही, म्हणून फॉर्मही भरले गेले नाहीत, आणि फॉर्म नाही म्हणून रस्ता रुंद करताना, प्लॉट पाडताना कोणाला अडखळावेही लागले नाही.

ही चूक दुरुस्त करण्याचे श्रेय आधी त्या समाजातल्या लोकांना द्यायला हवे. लीसबर्गच्या थॉमस बाल्श लायब्ररीत २००० साली कृष्णवर्णीय इतिहासाची समिती स्थापन झाली. तिने कुटुंबांकडचे फोटो, चर्चच्या वह्या, आठवणी गोळा केल्या. पाठोपाठ २००४ मध्ये काउंटीने केवळ कृष्णवर्णीयांच्या वास्तूंची स्वतंत्र पाहणी करवली. आता निकष बदलले. घराचा कारागीर किती कुशल होता यापेक्षा ते कोणी, कोणत्या परिस्थितीत, कशासाठी उभे केले हे विचारले जाऊ लागले. वॉटरफर्डचे नकाशाकार आणि इतिहासलेखक युजीन शील यांनी कित्येक वर्षे म्हाताऱ्या माणसांशी बोलून काउंटीचे जे तपशीलवार नकाशे काढले, त्यांचाही इथे उपयोग झाला. सरकारी नकाशावर नसलेल्या वाड्या-वस्त्यांची नावे त्यांच्या नकाशांवर सापडतात.

शाळांची गोष्ट घ्या. लीसबर्गला कृष्णवर्णीय मुलांसाठी हायस्कूल हवे म्हणून पालकांनी घरोघर वर्गणी काढून चार हजार डॉलरला जमीन घेतली आणि ती काउंटीला एका डॉलरला देऊन टाकली. १९४१ मध्ये तिथे डग्लस स्कूल सुरू झाले. सरकारचे कर्तव्य होते ते पालकांना स्वतःच्या खिशातून पुरे करावे लागले. गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या वेगळ्या शाळांच्या काळातले कागद आता एडविन वॉशिंग्टन प्रोजेक्टचे स्वयंसेवक वाचून लावत आहेत. त्यांत बस द्या, छप्पर दुरुस्त करा अशा मागण्यांचे पालकांचे अर्ज आहेत.

ॲशबर्नला १८९२ च्या सुमाराची एकखणी लाकडी शाळा आहे. कृष्णवर्णीय मुले तिथे १९५० च्या दशकापर्यंत शिकत होती. नंतर ती पडून राहिली. जवळच्या एका खासगी शाळेच्या मुलांनी तिची डागडुजी हाती घेतली. काम चालू असतानाच २०१६ मध्ये काही किशोरवयीन मुलांनी तिच्या भिंतींवर स्वस्तिके आणि वंशद्वेषी मजकूर रंगवला. कोर्टाने त्यांना वंशभेद आणि ज्यूंच्या संहाराविषयीची पुस्तके वाचून त्यांवर लिहायला लावले. बातमी जगभर गेली. लोकांकडून मदतीचा ओघ आला आणि शाळा दुरुस्त होऊन उभी राहिली. त्या मुलांना ती भिंत कोणाची आहे हे शाळेत कोणी कधी सांगितले होते का, हा प्रश्न मात्र मला सुटत नाही.

वास्तूंनंतर वळू रस्त्यांकडे, कारण लाउडनच्या नोंदीतला सर्वांत अनोखा भाग तोच आहे. पश्चिम लाउडनमध्ये आजही अडीचशे मैलांच्या आसपास खडीचे आणि मातीचे रस्ते आहेत. अठराव्या शतकात शेतातून गिरणीला, गिरणीतून चर्चला आणि चर्चमधून कोर्टाला जाण्यासाठी माणसांनी आणि गाड्यांनी ते पाडले. काही ठिकाणी अडीचशे वर्षांच्या चाकांनी रस्ता दोन्ही बाजूंच्या जमिनीपेक्षा चार-पाच फूट खाली गेला आहे. कडेला चुना न वापरता रचलेले दगडी गडगे, त्यांतून वाढलेली ओकची झाडे, वळणावर एखादी कमानीची मोरी. कोर्टाच्या जुन्या हुकुमांत रस्ता कोणाच्या कुंपणापासून कोणाच्या ओढ्यापर्यंत काढायचा हे लिहिलेले असते, आणि फॉक्सने वाचवलेल्या त्या कागदांवर बोट ठेवून आज तोच रस्ता पायी चालता येतो.

यात अडचण अशी की हे रस्ते काउंटीच्या मालकीचे नाहीत. १९३२ च्या कायद्याने व्हर्जिनियाने जवळजवळ सगळ्या काउंट्यांचे रस्ते राज्याकडे घेतले. राज्याच्या रस्ते खात्याचे मापदंड सगळीकडे सारखे. डांबर टाकायचे तर रुंदी इतकी, गटार इतके, कडेला मोकळी जागा इतकी. त्या मोजपट्टीत गडगा बसत नाही, झाड बसत नाही. स्निकर्सव्हिल टर्नपाइक या जुन्या रस्त्यावरचा हिब्ज ब्रिज हा दोन कमानींचा दगडी पूल एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला. तो मोडून नवा रुंद पूल घालण्याचा बेत नव्वदच्या दशकात आला. रस्त्याकाठच्या लोकांनी संघटना बांधली, अभियंत्यांशी अभियंत्यांच्या भाषेत बोलायला शिकले आणि वर्षानुवर्षे पाठपुरावा करून जुनाच पूल मजबूत करून घेतला. आज त्यावरून रहदारी चालते.

पुढे अमेरिकाज रूट्स या नावाने एकत्र आलेल्या मंडळींनी रस्त्यारस्त्याचा इतिहास लिहायला घेतला. २०२० मध्ये व्हर्जिनियातल्या सर्वाधिक धोक्यातल्या ऐतिहासिक स्थळांच्या वार्षिक यादीत लाउडनचे ग्रामीण रस्ते घेतले गेले. बीव्हरडॅम क्रीकच्या भोवतालच्या रस्त्यांचे जाळे हेच एक ऐतिहासिक क्षेत्र म्हणून नोंदवण्याची मोहीमही हाती घेतली गेली. रस्त्यालाच वारसा मानण्याचा हा विचार मला या सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा वाटतो. तरी दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पावसात चिखल, उन्हाळ्यात धूळ, बर्फात शाळेची बस अडकते, रुग्णवाहिकेला उशीर होतो. रस्ता जपावा म्हणणारे आणि डांबर हवे म्हणणारे एकाच रस्त्यावरचे शेजारी असतात. अशा वेळी नियमित खडी टाकून, पाण्याचा निचरा नीट करून रस्ता चालता ठेवणे, हाच जपण्याचा खरा मार्ग आहे. देखभाल न करता नुसते जुनेपण मिरवले तर लोक उद्या स्वतःच डांबर मागतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

जमिनीवर काहीच न दिसणाऱ्या जागा राहिल्या. मोठ्या विकासाचा अर्ज आला की लाउडनमध्ये आधी पुरातत्त्वीय पाहणी करून द्यावी लागते. शेतात पन्नास-पन्नास फुटांवर खड्डे घ्यायचे, प्रत्येक खड्ड्यातली माती पाव इंची जाळीतून चाळायची. चिनी मातीचा तुकडा, चिलमीची नळी, चौकोनी खिळा, विटेचा चुरा असे काही एका ठिकाणी दाटीने मिळाले की तिथे घर होते असे समजायचे. गुलामांच्या दफनभूमी तर याहून अवघड. त्यांच्या थडग्यांवर नावे नाहीत. शेतातलाच एक दगड डोक्याशी, एक पायाशी, उभा रोवलेला. पाहणी करणारे आधी हिरव्या वेलीचा गालिचा शोधतात, कारण थडग्यांवर पेरिविंकल लावण्याची इथे जुनी रीत होती. ॲशबर्नजवळ बेलमाँट इस्टेटीच्या गुलामांची दफनभूमी रहदारीच्या दोन मोठ्या रस्त्यांलगत झाडीत दडलेली होती. पाद्री मिशेल थॉमस यांच्या पुढाकाराने ती उजेडात आली आणि बिल्डरने ती जमीन लाउडन फ्रीडम सेंटरकडे सोपवली.

काउंटीच्या राजकारणात हा सगळा विषय कायम खालीवर होत आला आहे. २००३ मध्ये ग्रामीण भागात दहा, वीस आणि पन्नास एकरांना एक घर असे कडक नियम लागू झाले. २००५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नोटीस नीट दिली नाही या मुद्द्यावर ते रद्द केले आणि २००६ मध्ये जरा सैल नियम आले. काउंटीच्या २०१९ च्या विकास आराखड्यात पश्चिमेचा ग्रामीण पट्टा कायम ठेवला आहे. पण कधी कधी काउंटी स्वतःच धोका बनते. आल्डी हे १८०९ च्या जोडचाकी पाणचक्कीचे गाव. तिथल्या जुन्या वास्तू हटवून अग्निशमन केंद्र बांधण्याचा बेत काउंटीच्याच कारभारी मंडळाने केला होता. गावकरी विरोधात उभे राहिले, कोर्टात गेले, आणि अखेर मंडळाने केंद्राची जागा बदलली. डेटा सेंटरांच्या यंत्रसामग्रीवरचा कर काउंटीच्या तिजोरीत इतका मोठा वाटा घालतो की त्यावर शाळा चालतात. तोच उद्योग विजेची भूक भागवण्यासाठी उंच मनोऱ्यांच्या वाहिन्या पश्चिमेकडच्या शेतांवरून न्यायला लावतो. मोकळ्या जमिनीच्या करारांनी बिल्डरला थोपवले, पण वीजवाहिनीला थोपवण्याची ताकद त्यांत कितपत आहे, हा पुढच्या दहा वर्षांतला खरा सवाल आहे.

या काउंटीत आज हजारो भारतीय कुटुंबे राहतात आणि त्यांत मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. ॲशबर्न, ब्रॅम्बल्टन, साउथ रायडिंगमध्ये गणपती बसतात, दिवाळी फराळाची देवाणघेवाण होते. त्यांतले बरेच जण त्याच डेटा सेंटरांशी जोडलेल्या कामात आहेत. कितीतरी जणांच्या पोस्टाच्या पत्त्यात 'आल्डी' लिहिलेले असते, पण ते कुठल्याशा पाणचक्कीच्या गावाचे नाव आहे याची त्यांना कल्पना नसते. हे प्रकरण त्यांच्यापैकी कोणाच्या हाती पडले तर माझे एवढेच सांगणे आहे. एका रविवारी मुलांना आधी ॲशबर्नची शाळा दाखवा, मग त्यांना घेऊन पंधरा नंबरचा रस्ता ओलांडा. आल्डीची पाणचक्की दाखवा, वॉटरफर्डच्या काठावरच्या शेतातून चाला. लीसबर्गची बाल्श लायब्ररी सगळ्यांना खुली आहे. तुमच्या वसाहतीच्या जमिनीवर आधी काय होते, कोणाचे शेत होते, कोण राबत होते, ते तिथे शोधता येते. आणि वारशाच्या विषयावर काउंटीच्या मंडळाची जाहीर सुनावणी असेल तेव्हा जा आणि बोला. बोलण्यासाठी पिढीजात लाउडनकर असावे लागत नाही, रहिवासी असणे पुरते.